नवा वर्ग, जुनी मैत्री: पहिल्या दिवसापासून पहिल्या सुट्टीपर्यंत

नवं वर्ष सुरू होताना तुकड्यांच्या याद्या लागतात. त्या याद्यांपुढे उभ्या असलेल्या मुलांकडे मी दरवर्षी बघते. प्रत्येकाचं बोट आधी स्वतःच्या नावावर जातं आणि लगेच त्याच यादीत वर-खाली फिरायला लागतं. दुसरं एक नाव शोधत असतं ते. सापडलं की चेहरा खुलतो. नाही सापडलं की मूल पुन्हा पहिल्या नावापासून यादी वाचायला घेतं, मघाशी आपलीच नजर चुकली असेल या आशेवर.

मी शिकवते, आणि सहावीत असताना मी स्वतः शाळा बदलली होती. त्यामुळे ते बोट थांबतं तेव्हा पोटात काय होतं ते मला माहीत आहे. त्या क्षणी मनात दोन गोष्टी एकदम येतात. नव्या वर्गात मी एकटी पडेन, आणि जुनी मैत्रीण मला विसरेल. दोन्ही इतक्या चिकटून येतात की आपण त्यांना एकच समजतो. मग कुणी जुन्या मैत्रीला धरून राहण्यासाठी नव्या वर्गाकडे पाठ फिरवतं, तर कुणी नव्या वर्गात सामावण्याच्या नादात जुन्या मित्राचा फोन घ्यायचा राहून जातो.

माझं सांगणं एवढंच आहे की ही दोन वेगळी कामं आहेत आणि दोन्हींची रीत वेगळी आहे. नवी मैत्री जवळ बसण्याने आणि रोजच्या रोज दिसण्याने होते. जुनी मैत्री आता रोज दिसणार नाही, म्हणून तिला ठरलेली वेळ लागते. तुझी तुकडी बदलली असेल, शाळा बदलली असेल, गाव बदललं असेल किंवा तू तिथेच राहून तुझा मित्र दुसरीकडे गेला असेल, पुढच्या पायऱ्या साधारण त्याच आहेत.

पायरी १. शाळा सुरू होण्याआधी वार ठरवा

निरोप घेताना सगळे म्हणतात, "आपण बोलत राहू." म्हणताना ते अगदी मनापासून असतं. पण त्यात वार नाही, वेळ नाही, फोन कुणी कुणाला करायचा तेही नाही. म्हणून दोघंही समोरच्याच्या फोनची वाट बघतात आणि महिन्याभरात दोघांनाही वाटायला लागतं की त्यालाच गरज नाही.

त्यापेक्षा सुट्टी संपायच्या आत एकदा भेटून सरळ ठरवा: रविवारी संध्याकाळी पाच वाजता. या रविवारी मी करायचा, पुढच्या रविवारी तू. वीस मिनिटं पुरतात. रोज बोलायचं ठरवू नका. अभ्यास, शिकवणी, घरची कामं सुरू झाली की रोजचं जमत नाही, आणि जमलं नाही की दोघांनाही चुकल्यासारखं वाटतं. आठवड्यातून एकदा, पण नक्की.

स्वतःचा फोन नसेल तर ज्यांच्या फोनवरून बोलणार आहात त्या आई-बाबांना किंवा ताई-दादाला आत्ताच सांगून ठेवा. दोन्ही घरच्या मोठ्यांनी एकमेकांचे नंबर घेतलेले असावेत. घराचा पत्ताही वहीत लिहून घ्या. फोन बदलतात, नंबर जातात, पत्ता लिहिलेली वही सापडते.

याच आठवड्यात आणखी दोन कामं उरकून टाक. एक म्हणजे झोप. अमेरिकन अकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिन या निद्रातज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ मध्ये दिलेली शिफारस अशी: ६ ते १२ वर्षांच्या मुलांना रोज ९ ते १२ तास आणि १३ ते १८ वर्षांच्या मुलांना ८ ते १० तास झोप हवी. सुट्टीत रात्री उशिरापर्यंत जागायची सवय लागलेली असते. ती एका रात्रीत मोडत नाही. रोज पंधरा मिनिटं आधी झोपायला जा. पहिल्या आठवड्यात अपुऱ्या झोपेने आलेल्या मुलांना साध्या बोलण्याचाही राग येतो, आणि नेमका तोच आठवडा ओळखी करण्याचा असतो.

दुसरं काम, शाळा नवी असेल तर आधी एकदा जाऊन बघून ये. वर्ग कुठल्या मजल्यावर, पाणी कुठे, स्वच्छतागृह कुठे, शिक्षकखोली कुठे. बारीकसारीक वाटतं, पण पहिल्या दिवशी निम्मं दडपण याच गोष्टींचं असतं.

पायरी २. पहिल्या दिवशी लवकर पोच आणि मधल्या बाकावर बस

भरलेल्या वर्गात शिरायचं म्हटलं की सगळ्या नजरा आपल्यावर येतात. दहा-पंधरा मिनिटं आधी पोचलं तर उलटं होतं: वर्ग रिकामा असतो, येणारा प्रत्येक जण तुला तिथे बसलेलं बघतो आणि आपणहून विचारतो, "नवीन का?" सुरुवात त्यानेच केलेली असते.

आता बसायचं कुठे? नव्या मुलाचे पाय आपोआप शेवटच्या बाकाकडे किंवा भिंतीकडच्या कोपऱ्याकडे वळतात. तिथे सुरक्षित वाटतं हे खरं, पण तिथे शेजारही कमी असतो. जर्मनीतल्या संशोधकांनी २००८ मध्ये एक छान गोष्ट दाखवून दिली. विद्यापीठात नव्याने आलेल्या विद्यार्थ्यांना पहिल्याच भेटीच्या वेळी चिठ्ठ्या टाकाव्यात तशा जागा वाटून दिल्या. वर्षभराने विचारलं, तर त्या दिवशी जे शेजारी बसले होते किंवा एकाच रांगेत होते त्यांच्यात मैत्री अधिक झालेली होती. एका दिवसाची, योगायोगाने मिळालेली जागा! म्हणून जागा निवडायची मुभा असेल तर जिथे पुढे, मागे आणि बाजूला माणसं असतील असा मधला बाक धर.

बोलायला मोठं काही लागत नाही. समोरच्याला सहज देता येईल असं काहीतरी माग: "ही वही गणिताची का?" "मागच्या वर्षी हेच सर होते का?" "पट्टी देतेस जरा?" मदत मागितली की समोरच्याला आपण उपयोगी पडलो असं वाटतं आणि दुसऱ्यांदा बोलणं सोपं होतं.

नावं पाठ करण्याची एक युक्ती मी माझ्या एका विद्यार्थिनीकडून शिकले. ती सातवीत नवीन आली होती, फार बोलायची नाही. एकदा तिची वही तपासताना शेवटचं पान उघडलं गेलं. पेन्सिलीने वर्गातले सगळे बाक काढलेले, प्रत्येक चौकोनात नाव, आणि नावाखाली बारीक अक्षरात एकेक खूण: "डावखुरी", "खूप हसतो", "चित्रं काढते", "लहान भाऊ याच शाळेत". काही चौकोन रिकामे होते. मी वही मिटून परत दिली, तिला काही विचारलं नाही. पंधरा दिवसांनी पुन्हा तेच पान दिसलं तेव्हा एकही चौकोन रिकामा नव्हता, आणि तोवर ती चित्रं काढणारीच्या शेजारी बसायला लागली होती. तूही असा नकाशा काढ. नावाने हाक मारली की माणूस वळून बघतो, आणि "ए" म्हणून मारलेल्या हाकेपेक्षा त्या बघण्यात वेगळाच आपलेपणा असतो. फक्त त्या पानावर कुणाबद्दल टोचेल असं काही लिहू नकोस. वह्या हातोहात फिरतात.

पायरी ३. मधली सुट्टी

वर्गात जागा ठरलेली असते, तास ठरलेला असतो. मधल्या सुट्टीत मात्र घंटा होते, सगळे आपापल्या घोळक्यात जातात आणि आपण हातात डबा घेऊन उभे. नव्या मुलांना दिवसातला सगळ्यात अवघड वेळ कुठला असं विचारलं तर बहुतेक जण हाच सांगतात.

चालू असलेल्या घोळक्यात शिरायचं कसं, यावर मार्था पुटालाझ आणि जॉन गॉटमन या मानसशास्त्रज्ञांनी १९८१ मध्ये दुसरी-तिसरीतल्या मुलांचं निरीक्षण करून लिहिलं आहे. जी मुलं आल्या आल्या स्वतःबद्दल बोलायला लागतात, चालू गोष्ट थांबवून प्रश्न विचारतात किंवा कुणाचं तरी खोडून काढतात, त्यांच्याकडे दुर्लक्ष होतं. जी आधी काय चाललंय ते बघतात आणि त्यातच भर घालतात, त्यांना सामावून घेतलं जातं. माझा वर्गातला अनुभवही हाच आहे, आणि तो मोठ्या मुलांनाही लागू पडतो.

म्हणजे करायचं काय, तर असं. घोळक्याच्या थोडं जवळ उभं राहा. काय चाललंय ते दोन मिनिटं नीट बघ. खेळ चालू असेल तर बाहेर गेलेला चेंडू आणून दे, गुण मोजायला लाग. गप्पा चालू असतील तर त्याच विषयावर एक वाक्य बोल, विषय बदलू नकोस. "मला घ्याल का?" हा प्रश्न शक्यतो टाळ, त्याचं उत्तर "नाही" असं देणं फार सोपं असतं. चेंडू आणून देणाऱ्याला कुणी नाही म्हणत नाही.

आणि तरीही नाही म्हटलं तर? म्हणतात कधीकधी. वर्गात सगळ्यांना आवडणाऱ्या मुलांनाही घोळके असं परतवतात. फरक इतकाच की ती मुलं तो नकार खेळाचा मानतात, स्वतःचा मानत नाहीत. उद्या दुसरीकडे जा. आणखी एक जागा हमखास बघ: जिथे एखादं मूल एकटंच बसलं आहे. नव्या मुलांना वाटतं आपण एकटेच एकटे आहोत. मी मैदानावर देखरेख करते तेव्हा एकट्या बसलेल्या मुलांची संख्या मला दिसते, त्यांना एकमेकांची दिसत नाही.

बोलून झाल्यावर घरी येऊन "मी काहीतरीच बोललो" असं वाटत राहिलं तर हे लक्षात ठेव. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या काही अभ्यासांत दिसलं की अनोळखी माणसाशी बोलल्यावर आपण त्याला किती आवडलो याचा अंदाज लोक कमीच धरतात. समोरच्याला आपण आवडलेलो असतो, पण आपल्याला ते कळत नाही. वसतिगृहात एकत्र राहणाऱ्या नव्या विद्यार्थ्यांमध्ये हा गैरसमज कित्येक महिने टिकून होता.

पायरी ४. तास मोज, दिवस नकोत

"महिना झाला, अजून एकही मैत्रीण नाही," असं म्हणत मुली माझ्याकडे येतात. तेव्हा मी त्यांच्यासमोर कागद घेऊन साधा हिशेब मांडते.

कॅन्सस विद्यापीठातल्या जेफ्री हॉल यांनी नुकतंच गाव बदललेल्या माणसांचा आणि विद्यापीठात नव्याने आलेल्या विद्यार्थ्यांचा अभ्यास केला. त्यांचा अंदाज असा: नुसत्या ओळखीची साधी मैत्री व्हायला साधारण ५० तास एकत्र घालवावे लागतात, मित्र म्हणण्याइतकी व्हायला साधारण ९० तास, आणि जिवलग व्हायला २०० तासांच्या वर. त्यातही शेजारी बसून नुसतं काम केलेले तास फारसे धरायचे नाहीत. गप्पांचे, खेळाचे, रिकामटेकडे तास मोजायचे.

आता मधली सुट्टी रोज अर्धा तास धरली तर पाच दिवसांचे अडीच तास होतात. ५० तासांना वीस आठवडे! महिनाभरात मैत्री झाली नाही म्हणजे तुझ्यात काही खोट आहे असं नाही. तास अजून भरलेच नाहीत. आणि ज्या जुन्या मैत्रिणीची आठवण येते, तिच्याबरोबर किती वर्षांचे तास जमलेले आहेत ते बघ. पाच आठवड्यांच्या ओळखीला त्या मापाने मोजलं तर ती तोकडीच पडणार.

तास लवकर भरायचे असतील तर एकच उपाय मला ठाऊक आहे. शाळेतलं असं काहीतरी निवड जिथे तीच माणसं पुन्हा पुन्हा भेटतात: खेळाचा सराव, नाटक, गायन, वाचनालय, विज्ञान मंडळ. आठवड्यातून दोनदा दोन तासांचा सराव धरला की अडीचाचे साडेसहा तास होतात आणि तेच ५० तास आठ आठवड्यांत भरतात. एकच निवड. तीन ठिकाणी नाव घालून तिन्हीकडे अधूनमधून गेलं तर कुठेच कुणाच्या लक्षात राहणार नाही. येण्याजाण्याची वाट एक असलेलं कुणी मिळालं तर उत्तमच. रोज वीस मिनिटं एकत्र चालणं हेही तासच आहेत, आणि चालताना बोलणं समोरासमोर बसून बोलण्यापेक्षा सोपं जातं.

पहिल्या महिन्यात एक पथ्य पाळ: "आमच्या जुन्या शाळेत ना…" हे वाक्य आवर. तुला ती आठवण सांगायची असते, पण ऐकणाऱ्याला वाटतं की त्याची शाळा कमी पडते आहे. जुन्या शाळेबद्दल कुणी विचारलं तर भरभरून सांग. आपणहून तुलना नको.

पायरी ५. जुन्या मैत्रीचं काय

सॅम रॉबर्ट्स आणि रॉबिन डनबार या संशोधकांनी ब्रिटनमध्ये शाळा संपवून पुढे जाणाऱ्या सुमारे ३० मुलामुलींच्या मैत्रीवर १८ महिने लक्ष ठेवलं. जिथे कुणी काही केलं नाही तिथे जवळीक आपोआप कमी होत गेली. जिथे टिकली, तिथे मुलींच्या बाबतीत बोलत राहण्याने टिकली आणि मुलांच्या बाबतीत एकत्र काहीतरी करत राहण्याने.

मुलगा-मुलगी हा भेद मी फार ताणणार नाही. माझ्या वर्गात गप्पिष्ट मुलगे आहेत आणि मैदानाशिवाय एकमेकींशी अक्षर न बोलणाऱ्या मुलीही आहेत. पण त्यातली मूळ गोष्ट मला फार मोलाची वाटते. तुमची मैत्री कशावर उभी होती ते आधी ओळख. दोघं खेळत होतात आणि बोलणं असं कधी झालंच नाही, तर फोनवर "आणि काय?" यापुढे गाडी जाणार नाही. त्यात मैत्री आटली असं समजू नका. फोन हे त्या मैत्रीचं साधन नाही एवढंच. पंधरा दिवसांतून एकदा भेटून खेळा, लांब असाल तर ऑनलाइन बुद्धिबळ मांडा. एकत्र अभ्यास करत होतात तर फोन चालू ठेवून दोघंही आपापली गणितं सोडवा. आणि बोलण्यावर उभी असेल तर बोला.

बोला, पण कसं? माझ्या एका विद्यार्थ्याने मला त्याच्या मित्राबरोबरचे संदेश दाखवले होते.

"काय करतोस?"
"काही नाही. तू?"
"काही नाही."
"बाकी?"
"मजेत."

खाली तारखा होत्या. असे पाच दिवस. "बाई, आता आमच्यात बोलायला काही उरलंच नाही," तो म्हणाला. मी त्याला विचारलं, काल वर्गात काय झालं? तर तो दहा मिनिटं सांगत होता: प्रयोगशाळेत कुणाच्या तरी हातून परीक्षानळी फुटली, सगळ्यांची नजर सरांकडे, आणि सर रागावायच्या ऐवजी काचा गोळा करायला खाली बसले. मी म्हटलं, हे त्याला पाठव. त्याने एक मिनिटाचा आवाजी संदेश पाठवला. तासाभरात उत्तर आलं, तेही लांबलचक. "काय चाललंय" या प्रश्नाला उत्तर देता येत नाही. एक घडलेली गोष्ट सांगितली की समोरच्याला त्याची एक गोष्ट आठवते. आठवडाभर सांगण्यासारखं काही दिसलं की वहीच्या कोपऱ्यात दोन शब्द लिहून ठेव; रविवारी पाच वाजता कामाला येतात.

नव्या वर्गातली माणसं जुन्या मैत्रिणीला नावाने ओळखीची करून दे. "एक मुलगी आहे" असं म्हणण्यापेक्षा तिचं नाव सांग, ती कशी बोलते ते सांग. तिच्याकडच्या नावांची तूही आठवण ठेव आणि पुढच्या फोनवर विचार, "त्या भांडणाचं पुढे काय झालं?" त्या एका प्रश्नातून तिला कळतं की मागच्या वेळी तू नीट ऐकत होतास.

तक्रारींचंही प्रमाण सांभाळ. जुनी मैत्रीण हीच एक रडायची जागा झाली तर तिला तुझा फोन जड वाटायला लागेल. वाईट दिवस जरूर सांग, पण एखादी बरी गोष्टही तिच्यासाठी राखून ठेव.

मध्ये बरेच दिवस गेले असतील आणि आता फोन कसा करायचा याचा संकोच वाटत असेल, तर संकोच सोडून दे. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसलं की बऱ्याच दिवसांनी कुणी आपणहून विचारपूस केली तर समोरच्याला त्याचं किती मोल वाटतं याचा विचारपूस करणाऱ्याला अंदाजच नसतो. ते त्याला वाटतं त्यापेक्षा खूप जास्त असतं. "आज ग्रंथालयात तुझं आवडतं पुस्तक दिसलं, तुझी आठवण आली" एवढं पुरतं. उशिराबद्दल लांबलचक माफी मागत बसू नकोस.

एकीकडे हेही जप: मधल्या सुट्टीत किंवा घरी येताना बसमध्ये जुन्या वर्गाच्या ग्रुपवर डोकं घालून बसलास तर शेजारचा मुलगा तुझ्याशी बोलणार कसा? जुन्यांसाठी वेळ ठरलेली आहे ना. मग उरलेला वेळ शेजारी बसलेल्याचा.

शाळा तीच, तुकडी वेगळी

हे वरवर सोपं वाटतं आणि प्रत्यक्षात फार गुंतागुंतीचं असतं, कारण रोज मधल्या सुट्टीत निवड करावी लागते. जुन्या मैत्रिणीकडे गेलं की नव्या तुकडीत आपण पाहुणे राहतो. नव्यांबरोबर थांबलं की ती दारात उभी असते. यावर लपाछपी हा उपाय नव्हे. तिला सांगून टाक: "सोमवार, बुधवार, शुक्रवार मी वर्गातल्यांबरोबर बसेन, मंगळवारी आणि गुरुवारी आपण." ऐकायला रुक्ष वाटतं खरं, पण रोज वाट बघत उभं राहण्यापेक्षा ते पुष्कळ बरं. शाळेत एकत्र येता-जाता येत असेल तर तो वेळ पूर्ण तुमचा ठेवा.

सगळ्यांना एकत्र आणायची घाई करू नकोस. दोन्हीकडची माणसं नुसती समोरासमोर बसवली की दोघीही तुझ्याशीच बोलतात आणि तू मध्ये अडकतेस. एखादा खेळ, एखादं काम असेल तेव्हा बोलाव. आणि जुन्या मैत्रिणीने विश्वासाने सांगितलेली गोष्ट नव्या मैत्रिणीला जवळ आणण्यासाठी वापरायची नाही. कधीच नाही. ऐकणारी त्या क्षणी जवळ येते, पण पुढे स्वतःचं काही सांगताना हात आखडता घेते.

तिला नवे मित्र मिळाले तर

मिळतीलच. आणि एखाद्या रात्री त्यांचा एकत्र काढलेला फोटो दिसेल, तुमच्या नेहमीच्या जागी तिसरंच कुणीतरी बसलेलं. वाईट वाटेल. वाटू दे, त्यात लाजण्यासारखं काही नाही. फक्त त्या रात्री तिला काही लिहू नकोस. "आता काय बाबा, तुला नवीन मैत्रिणी मिळाल्या" हे वाक्य लिहिणाऱ्याला हळवं वाटतं आणि वाचणाऱ्याला टोमणा वाटतो. दुसऱ्या दिवशी लिही: "तुझा फोटो बघितला आणि मला तुझी फार आठवण आली. रविवारी बोलू ना?"

डनबार यांच्या मांडणीनुसार माणसाच्या अगदी आतल्या वर्तुळात साधारण ५ जण मावतात, त्याच्या बाहेरच्यात हे पाच धरून १५. जागा मोजकीच असल्याने माणसं आतून बाहेर, बाहेरून आत सरकत राहतात. कुणी पाचातून पंधरात गेलं म्हणजे त्याने दगा दिला असं होत नाही. बाहेर सरकलेली माणसं वर्षा-दोन वर्षांनी परत आत आलेली मी पाहिली आहेत, पण ज्यांच्यात कडू बोलणं झालं होतं ती क्वचितच.

उत्तरंच येईनाशी झाली तर थोडं अंतर ठेवून दोन-तीनदा प्रयत्न कर. मग एकदा सरळ, आरोप न करता विचार: "हल्ली बोलणं होत नाही. मी काही दुखावलं का? नसेल तर वेळ मिळेल तेव्हा फोन कर." त्यानंतर थांब. वाढदिवशी शुभेच्छा दे आणि तिच्याबद्दल इतरांकडे वाईट बोलू नकोस.

हे मात्र एकट्याने सोसायचं नाही

पहिले काही आठवडे उदास वाटणं स्वाभाविक आहे. पण सकाळी शाळेच्या वेळीच रोज पोट दुखत असेल, झोप आणि भूक उडाली असेल, शाळेत पाऊल टाकायची इच्छाच होत नसेल आणि हे आठवडे उलटूनही कमी होत नसेल, तर मोठ्या माणसाला सांग. कुणी मारत असेल, धमकावत असेल, नाव ठेवून चिडवत असेल, ऑनलाइन त्रास देत असेल तर आठवडेही थांबायचं नाही. तारीख, जागा आणि काय घडलं ते लिहून ठेव, संदेशांचे स्क्रीनशॉट काढून ठेव आणि वर्गशिक्षकांना दाखव. पहिल्या माणसाने मनावर घेतलं नाही तर दुसऱ्याला सांग. जगणंच नको असं मनात आलं, तर त्याच दिवशी, त्याच तासाला घरातल्या किंवा शाळेतल्या मोठ्या माणसाजवळ बोल. हे सांगणं म्हणजे चुगली नाही.

घरच्या मोठ्यांसाठी थोडंसं

"मैत्रिणी झाल्या का?" असं रोज विचारू नका, ती परीक्षा वाटते. "आज शेजारी कोण बसलं होतं?" याला उत्तर देता येतं. "जुनं विसर, आता इथे नवीन कर" हे तर अजिबात नको. मुलाच्या दृष्टीने ती मैत्री संपलेली नाही. रविवारच्या त्या वीस मिनिटांसाठी तुमचा फोन द्या आणि शेजारी बसून ऐकत राहू नका.

पायरी ६. पहिल्या सुट्टीत भेटा

पहिली मोठी सुट्टी लागायच्या पंधरा दिवस आधी जुन्या मैत्रिणीशी भेटीचा दिवस ठरवा, कारण सुट्टी लागली की दोन्ही घरांचे बेत आधीच झालेले असतात. भेटून नुसतं बसू नका, पूर्वी एकत्र करायचात त्यातलं काहीतरी करा.

पहिली दहा मिनिटं अवघडल्यासारखी जातील. तिची उंची वाढलेली असेल, बोलण्यात नवे शब्द आलेले असतील, तू हसतोस त्या गोष्टीवर ती हसणार नाही. घाबरून गप्प बसू नकोस आणि सगळं पूर्वीसारखंच आहे असं दाखवायचा आटापिटाही करू नकोस. बाकांचा नकाशा काढलेली ती वही बरोबर ने. एकेका चौकोनावर बोट ठेवून सांग, हा कोण, ही कोण. मग तिच्या वर्गाचा नकाशा तिला पुढच्या कोऱ्या पानावर काढायला लाव. निघायच्या आधी पुढच्या फोनचा वार पुन्हा एकदा नक्की करून घ्या, कारण नव्या सत्रात दोघांचीही वेळापत्रकं बदललेली असतील.